निर्गुडी ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ झाली म्हणजे नेमके काय सिद्ध झाले?

हलशीकर
खानापूरच्या बाजारात अलीकडे गुडघेदुखीच्या चूर्णाची एक पुडी विकली जाते. पुडीवर निर्गुडीच्या फांदीचे चित्र असून खाली ‘सूज उतरवण्याचा गुणधर्म प्रयोगशाळेत सिद्ध’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. निर्गुडी आमच्या भागात कुंपणालाही असते. तिचा पाला तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधणे, किंवा पाण्यात उकळून त्या वाफेचा शेक घेणे, हे आमच्या घरी तीन पिढ्या चालत आले आहे. त्यामुळे निर्गुडीविषयी माझी तक्रार नाही. माझा प्रश्न त्या छापील वाक्याविषयी आहे. ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ म्हणजे कोणी, कशावर आणि काय करून पाहिलेले असते? ते वाक्य वाचून माझ्यासारख्या पासष्टी ओलांडलेल्या माणसाने पुडी विकत घ्यावी की घरचा पालाच बांधत राहावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे. घाईने दोन ओळी टंकू नयेत, ही विनंती.

निपाणीकर
काका, आमच्या निपाणीत तंबाखूवरही कोणीतरी कधीतरी काहीतरी ‘सिद्ध’ केलेले असणारच. सविस्तर उत्तरासाठी मी मागच्या बाकावर बसतो.

काचनळी
हलशीकर काका, मी औषधगुणशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून जे प्रत्यक्ष पाहिले आहे तेवढेच लिहिते.

वनस्पतींच्या दाहशामक गुणाविषयीच्या निबंधांत सर्वाधिक आढळणारी चाचणी म्हणजे उंदराच्या पायाला आणलेल्या सुजेची. विंटर, रिस्ली आणि नस या तिघांनी ती १९६२ साली मांडली. तांबड्या समुद्रशेवाळापासून कॅराजीनन नावाचा पदार्थ मिळतो. त्याचे एक टक्का द्रावण पांढऱ्या मोठ्या उंदराच्या मागच्या पायाच्या तळव्यात ०.१ मिलिलिटर टोचतात. काही वेळातच तळवा फुगू लागतो आणि तीन ते पाच तासांच्या सुमारास सूज कळसाला पोहोचते.

मापनाची रीत अशी, की घोट्यापाशी शाईने एक रेघ ओढायची आणि द्रव भरलेल्या नळीत पाय त्या रेघेपर्यंत बुडवायचा. जेवढा द्रव बाजूला सरतो तेवढे पायाचे आकारमान. उंदीर पाय आखडून घेतो, रेघ पुसट होते, बुडवणाऱ्याचा हात एखाद्या केसाने वर-खाली होतो, आणि या साऱ्याचा परिणाम आकड्यावर होतो. म्हणून आकडे घेणाऱ्या माणसाला कोणत्या उंदराला काय दिले आहे हे ठाऊक नसावे, असा दंडक आहे. तो पाळल्याचा उल्लेख निबंधात आहे का, हे मी सर्वांत आधी शोधते आणि पुष्कळदा तो सापडत नाही.

साधारणपणे सहा-सहा उंदरांचे गट करतात. एका गटाला नुसते पाणी किंवा डिंकाचे पाणी, एकाला इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅक हे सुजेवरचे प्रचलित औषध आणि उरलेल्या गटांना अर्काच्या वेगवेगळ्या मात्रा दिल्या जातात. समजा, पाण्याच्या गटात पाय सरासरी ०.८० मिलिलिटरने फुगला आणि अर्काच्या गटात ०.४८ मिलिलिटरने, तर ‘४० टक्के रोध’ असे लिहिले जाते. पुडीवरच्या ‘सिद्ध’चा उगम बहुधा अशाच एखाद्या टक्केवारीत असतो. तो आकडा खोटा असतो असे मी म्हणत नाही. मात्र गुडघ्याचे दुखणे ४० टक्क्यांनी कमी होईल, असा त्याचा अर्थ कोणत्याही बाजूने निघत नाही.

आणखी एक गोष्ट. या चाचणीत अर्क बहुतेक वेळा सूज आणण्याच्या अर्धा-एक तास आधीच पाजलेला असतो. गुडघा सुजण्याच्या अर्धा तास आधी दवाखान्यात येणारा रुग्ण अद्याप कोणी पाहिलेला नाही.

अनगोळची मेघा
काचनळीताई, मी बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे प्रकल्पासाठी उंदीर मिळत नाहीत, कारण प्राणी नीतिशास्त्र समितीची परवानगी, प्राणिगृह आणि खर्च या तिन्ही गोष्टी आड येतात. म्हणून आम्ही अंड्यातील पांढऱ्या भागाचे प्रथिन अर्कासोबत तापवतो आणि ते किती गढूळ होते हे ६६० नॅनोमीटरवर मोजतो. अर्कामुळे गढूळपणा कमी झाला, तर अर्क दाहशामक आहे असा निष्कर्ष लिहिण्याची पद्धत आहे. हे कितपत योग्य मानावे?

काचनळी
मेघा, सरावासाठी ही चाचणी चांगली आहे, कारण द्रावणे करणे, उपकरण शून्यावर आणणे आणि आलेख काढणे हे सारे तिच्यात शिकता येते. निष्कर्ष मात्र फार जपून लिहावा. उष्णतेने प्रथिन साकळू न देणारा पदार्थ शरीरातील दाहसुद्धा रोखेल, हे गृहीतक कच्चे आहे. शिवाय पाल्याच्या अर्कात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असेल, तर ते प्रथिनाला चिकटून आकडा कोणत्याही दिशेला ओढू शकते. अंडे शिजू न देणे आणि गुडघा बरा करणे हे दोन निराळे व्यवसाय आहेत.

पेशींवरच्या चाचण्या याहून एक पायरी वर आहेत. उंदराच्या भक्षक पेशींना जिवाणूंच्या आवरणातील लायपोपॉलिसॅकराइड देऊन चेतवतात आणि अर्कामुळे त्यांचे नायट्रिक ऑक्साइड, टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ या दाह वाढवणाऱ्या पदार्थांचे उत्पादन घटते का, हे पाहतात. त्यासोबत पेशी जिवंत आहेत ना, ही चाचणीही हवीच. अर्काने पेशीच मारल्या, तर त्या काहीच तयार करणार नाहीत आणि कागदावर तो उत्तम दाहशामक ठरेल.

शहापूरचे वैद्य
वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत. तरीही माझा एक मूलभूत आक्षेप नोंदवतो.

आमच्या शास्त्रात निर्गुडी एकटी क्वचितच येते. रुग्णाला आमवात आहे की संधिगत, म्हणजे झिजेचा वात, सांधा गरम लागतो की थंड, सूज दाबल्यावर खळगा पडतो की नाही, अग्नी कसा आहे, हे पाहून बाह्य उपचार ठरतो आणि पोटात काय द्यायचे तेही त्यावरूनच ठरते. आमवातात अगदी आरंभी तेल लावणे आम्ही टाळतो आणि वालुकेच्या पुरचुंडीने रूक्ष स्वेद, म्हणजे कोरडा शेक देतो, तर झिजेच्या वातात तेलावाचून चालत नाही. आता प्रयोगशाळेत काय होते ते पाहा. निर्गुडीची पाने वाळवून अल्कोहोलमध्ये किंवा क्लोरोफॉर्ममध्ये तासन् तास फिरवली जातात, त्यातून निघालेला चिकट गोळा निरोगी, तरुण उंदराला पाजला जातो, आणि मग ‘निर्गुडी तपासली’ असे लिहिले जाते. क्लोरोफॉर्ममधली निर्गुडी कोणत्या संहितेत सांगितली आहे? ही आमच्या औषधाची परीक्षा नव्हेच. तिच्यात ती उत्तीर्ण झाली तरी आम्हांस आनंद नाही आणि अनुत्तीर्ण झाली तरी दुःख नाही.

काचनळी
वैद्यबुवा, आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. जे लोक प्रत्यक्षात घेतात तेच तपासले पाहिजे, म्हणजे काढा घेत असतील तर काढा आणि तेल लावत असतील तर तेल. तसे काम झालेलेही आहे. श्रीलंकेतील संशोधकांनी २००३ साली निर्गुडीच्या ताज्या, जून पानांचा पाण्यातला अर्कच उंदरांना तोंडावाटे दिला होता आणि सूज, वेदना व हिस्टामिन यांवर परिणाम दिसल्याचे नोंदवले होते.

उत्तरार्ध मात्र मान्य नाही. परीक्षेची रीत चुकीची असेल, तर योग्य रीत सुचवायची जबाबदारी औषध देणाऱ्यावरही येते. संधिगत वाताचेच रुग्ण निवडावेत, तुमच्याच लक्षणांनी निवडावेत, तुमचेच औषध द्यावे, पण कोणाला खरे औषध आणि कोणाला नुसते दिसायला तसे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. यात शास्त्राला बाध येण्यासारखे काय आहे?

गुडघेदुरुस्ती
काचनळी म्हणतात तशी चाचणी आपल्या शेजारीच झालेली आहे. पुण्यातील संधिवाततज्ज्ञांच्या पुढाकाराने देशातील अनेक केंद्रांत ४४० गुडघारुग्णांवर चोवीस आठवड्यांची दुहेरी अंध चाचणी (कोणाला काय दिले हे रुग्ण व तपासणारा दोघांनाही ठाऊक नसते अशी) झाली आणि ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. गुळवेल, सुंठ, आवळा यांसोबत सालई किंवा गुग्गुळ असलेली दोन मिश्रणे एका बाजूला आणि ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब ही सांधेदुखीवर दिली जाणारी औषधे दुसऱ्या बाजूला, अशी तुलना होती. वेदना आणि हालचाल या दोन्हींत आयुर्वेदिक मिश्रणे सेलेकॉक्सिबच्या तोडीस तोड ठरली. मात्र त्या मिश्रणांच्या गटांत काही जणांच्या रक्तात एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाल्यास वाढणारे द्रव्य, वाढलेले आढळले. त्यांना त्रास काहीच जाणवत नव्हता आणि रक्त तपासले म्हणूनच ते कळले. परिणाम असलेल्या औषधाला दुष्परिणामही असू शकतो, हे ‘झाडपाला आहे, अपाय काय होणार’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

सालईच्या डिंकाविषयीही असेच म्हणता येईल. त्यातील बॉस्वेलिक आम्ले ५-लायपोऑक्सिजनेज या दाहाला हातभार लावणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतात, ही गोष्ट आधी प्रयोगशाळेत दिसली आणि पुढे २००३ साली नागपूरच्या संशोधकांनी तीस गुडघारुग्णांवर त्याच डिंकाच्या अर्काची चाचणी प्रसिद्ध केली. रुग्ण थोडे होते, परंतु दिशा बरोबर होती. निर्गुडीच्या बाबतीत माणसांवरची अशी भक्कम साखळी मला दिसलेली नाही.

रानवाट
मी जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात वनस्पतींची नोंद करत हिंडतो. तुम्ही सर्वजण अर्क आणि गुडघा यांविषयी बोलत आहात, परंतु त्याआधीची पायरी सुटली आहे. पुडीत निर्गुडीच आहे, हे कशावरून?

रास्नेचे उदाहरण घ्या. भारतीय आयुर्वेदिक भेषजसंहितेत रास्ना म्हणून प्लुशिया लॅन्सिओलाटा या झुडपाची पाने धरली आहेत. दक्षिणेत त्याच नावाने आल्याच्या कुळातील अल्पिनिया गलंगाचे कंद विकले जातात, तर बंगालकडे झाडावर वाढणारे व्हँडा हे आमर (ऑर्किड) वापरतात. तीन वेगळी कुळे, तीन वेगळी रसायने आणि बाटलीवर नाव एकच. आपला भाग तर असा, की एका पेठेत माल उत्तरेकडूनही येतो आणि दक्षिणेकडूनही. प्रयोगशाळेने एक रास्ना तपासावी आणि रुग्णाने दुसरी घ्यावी, हे येथे सहज घडू शकते.

निर्गुडी त्या मानाने ओळखायला सोपी आहे. तीन किंवा पाच पर्णिका, वरून हिरव्या आणि खालून पांढुरक्या, चुरडल्यावर उग्र वास, निळसर-जांभळ्या फुलांचे तुरे. खानापूर तालुक्यात कानडी बोलणारे शेजारी तिलाच लक्की म्हणतात. परंतु चूर्ण झाल्यावर यातली एकही खूण उरत नाही.

निपाणीकर
म्हणजे सीमाभागात रास्नेचाही प्रश्न प्रलंबित आहे तर!

संपादक
सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र धागा आहे. येथे कृपया सुजेवरच बोलावे.

काचनळी
रानवाट यांचा मुद्दा पायाभूत आहे. म्हणूनच चांगल्या निबंधात वनस्पती कोठून, कोणत्या महिन्यात गोळा केली, कोणी ओळखली आणि तिचा वाळवलेला नमुना कोणत्या संग्रहात कोणत्या क्रमांकाने ठेवला, हे लिहिलेले असते. चूर्णाच्या बाबतीत पातळ थरावर घटक वेगळे करून त्यांचा ठसा जुळवून पाहता येतो. निर्गुडीच्या पानांत अ‍ॅग्नुसाइड व नेगुंडोसाइड ही संयुगे असतात आणि त्यांच्या खुणा शोधता येतात. पुडीवाल्याने असा ठसा काढला असेल, तर तो मागणाऱ्याला दाखवायला त्याची हरकत नसावी.

हळदकरी
रायबागकडे आमची हळद असते आणि माल सांगलीच्या बाजारात जातो. हळदीतल्या कुरकुमिनवर शेकड्यांनी संशोधने झाली आहेत, असे व्यापारी सांगतात. मग हळदीच्या भावात ते कधी दिसत का नाही, हा प्रश्न बाजूला ठेवतो. विचारायचे असे, की निर्गुडीला पुरावा थोडा असेल, पण हळदीला तरी तो भरपूर आहे ना? मग गुडघ्यासाठी रोज चमचाभर हळद पुरेल का?

काचनळी
हळदकरी दादा, संशोधने पुष्कळ आहेत आणि नेमके म्हणूनच हळदीचे प्रकरण शिकण्यासारखे आहे. वाळलेल्या हळदीत कुरकुमिन साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असते. काचेच्या भांड्यात ते जवळपास प्रत्येक चाचणीत गुणकारी दिसते. २०१७ साली औषध-रसायनाच्या तज्ज्ञांनी त्यावर कडक टीका केली. या रेणूची घडण अशी आहे की तो पाण्यात लवकर मोडतो, प्रथिनांना वाटेल तसा चिकटतो आणि स्वतः प्रकाशमान असल्याने काही चाचण्यांचे मापनच बिघडवतो, हा त्यांचा मुद्दा होता.

दुसरी अडचण पचनाची. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली दाखवले की माणसाला दोन ग्रॅम कुरकुमिन दिले तरी रक्तात ते अत्यल्प किंवा न सापडण्याइतकेच येते, आणि सोबत मिरीतील पिपेरिन वीस मिलिग्रॅम दिल्यास उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते. आकडा भव्य वाटतो, परंतु तळाचा आकडाच नगण्य असल्याने तो भव्य दिसतो. दोन ग्रॅम कुरकुमिन म्हणजे पासष्टेक ग्रॅम हळद. चमचाभर हळद आमटीसाठी उत्तम आहे. शिवाय पिपेरिन हे इतर औषधांचे शरीरातले मोडणेही मंदावते, त्यामुळे आकडीच्या किंवा क्षयाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मिरी-अर्काच्या कॅप्सुला मनाने घेऊ नयेत.

रानवाट
हाच हिशेब निर्गुडीचा करून दाखवाल का? निबंधांत ‘४०० मिलिग्रॅम प्रति किलो’ असे लिहिलेले असते. आपल्या घरच्या पाल्यात तो किती होतो?

काचनळी
ढोबळ हिशेब असा. उंदराची प्रतिकिलो मात्रा माणसासाठी बदलताना शरीराच्या पृष्ठभागाचा विचार करून तिला ६.२ ने भागतात. ४०० चे सुमारे ६५ मिलिग्रॅम प्रति किलो होतात. साठ किलोच्या माणसाला ते जवळजवळ चार ग्रॅम अर्क झाले. शंभर ग्रॅम वाळलेल्या पानांपासून दहा ग्रॅम अर्क निघाला असे धरले, तर रोज चाळीस ग्रॅम वाळलेली पाने लागतील, आणि ताजी पाने त्याच्या कित्येक पट. हलशीकर काका, पुडीवर दिवसाची मात्रा किती लिहिली आहे?

हलशीकर
अर्धा चमचा, दिवसातून दोनदा, कोमट पाण्यासोबत. निबंधाचा वर्ष-क्रमांक काहीही नाही.

काचनळी
मग त्या उंदराचा आणि या पुडीचा संबंध केवळ चित्रापुरता आहे.

शहापूरचे वैद्य
हिशेब पटला, आणि तो आमच्याच बाजूने जातो असे मला वाटते. निर्गुडीचा मुख्य वापर बाहेरून आहे. तेल आणि पत्रपिंड स्वेद, म्हणजे पाल्याच्या पुरचुंडीचा शेक, हेच तिचे खरे क्षेत्र. पोटात घेण्याचे चूर्ण गुडघ्यासाठी म्हणून असे सरसकट विकणे मलाही रुचत नाही. मात्र बाह्य उपचाराची चाचणी तुम्ही कशी घेणार? निर्गुडीचा वास लपवता येत नाही. खोटे तेल कोणते आणि खरे कोणते, हे रुग्ण झाकण उघडताच सांगेल.

गुडघेदुरुस्ती
वैद्यराज, प्रश्न रास्त आहे, परंतु असाध्य नाही. शेक देताना तीन गट करता येतील: निर्गुडीचा गरम पाला, एरंडाचा गरम पाला आणि नुसते गरम फडके. तपमान व वेळ तिघांना सारखेच ठेवावे आणि दुखण्याची नोंद घेणाऱ्यास गट कळू देऊ नये. उष्णतेने स्वतःच आराम पडतो. त्यामुळे फडक्याहून निर्गुडी सरस ठरली, तरच ते श्रेय निर्गुडीचे. आपल्या बेळगावात आयुर्वेद महाविद्यालये आहेत, वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि पारंपरिक औषधांसाठीची राष्ट्रीय संस्थाही आहे. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला हा विषय पुरेल. चाचणी सुरू करण्यापूर्वी भारतीय चाचणी-नोंदवहीत ती नोंदवावी लागते, आणि २००९ पासून ते बंधनकारकच आहे. नोंद आधी झालेली असली की नको असलेला निकाल कपाटात ठेवून देणे अवघड जाते.

अनगोळची मेघा
एक शंका. बिब्ब्याने अंगावर फोड येतात, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तरीही बिब्ब्यावर दाहशामक म्हणून निबंध आहेत. दाह करणारा पदार्थच दाह कसा शमवतो?

काचनळी
चांगली शंका आहे. बिब्ब्याच्या तेलातील फिनॉल गटाची संयुगे त्वचेवर तीव्र प्रतिक्रिया आणतात, आणि वैद्य म्हणूनच त्याची शुद्धी केल्यावाचून तो देत नाहीत. शुद्ध केलेल्या बिब्ब्याचा परिणाम निराळा असू शकतो, हे मान्य. पण उंदराच्या चाचणीत येथे एक जुना सापळा आहे. एखादा झोंबणारा अर्क उंदराच्या पोटाच्या पोकळीत टोचला, तर तेथे दाह सुरू होतो आणि त्यामुळेच पायाची सूज कमी भरते. औषधात काही गुण नसतानाही आकडा उत्तम येतो. म्हणून अर्क टोचून दिला की तोंडावाटे, हे अवश्य पाहावे.

निपाणीकर
म्हणजे एका ठिकाणी आग लावली की दुसरीकडची आग कमी दिसते. राजकारणाचा धागा निराळा आहे, हे मला ठाऊक आहे.

गुडघेदुरुस्ती
मूळ प्रश्नाशी संबंधित एक इशारा देणे कर्तव्य समजतो. गुडघ्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही बेनामी चूर्णांत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक मिसळल्याचे देशात अनेकदा उघडकीस आले आहे. खरी वनस्पती इतक्या झपाट्याने काम करत नाही. दोन-तीन दिवसांत दुखणे नाहीसे झाले, भूक वाढली, चेहरा भरल्यासारखा दिसू लागला, रक्तातील साखर अचानक चढली, तर संशय घ्यावा. अशी पुडी महिनोन् महिने घेतलेली असल्यास ती एकाएकी बंदही करू नये. शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तयार होणे मंदावलेले असते, म्हणून पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. पुडीवर परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि तुकडीचा क्रमांक आहे का, तेही पाहावे. परवाना असणे हा परिणामाचा पुरावा नव्हे, परंतु परवानाच नसेल तर पुढचे बोलणे खुंटले.

हलशीकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुडी पुन्हा नीट पाहिली. उत्पादकाच्या नावापुढे फक्त गावाचे नाव आहे. तुकडीचा आणि परवान्याचा क्रमांक नाही. शेजारचे एक गृहस्थ ती नियमित घेतात आणि त्यांना फार झपाट्याने आराम पडला असे ते कौतुकाने सांगतात. ‘गुडघेदुरुस्ती’ यांचा प्रतिसाद मी त्यांना आज वाचून दाखवला. ते उद्या साखर तपासून घेणार आहेत आणि पुडी घेऊनच दवाखान्यात जाणार आहेत. माझ्यापुरते म्हणाल, तर मी गरम पाला बांधणे चालू ठेवतो. त्यातला किती गुण पाल्याचा आणि किती उष्णतेचा, हे मेघाच्या पिढीने ठरवावे.

फक्त एक विचारायचे राहिले. आमच्या कुंपणाची निर्गुडी हीच ती निर्गुडी, याची खात्री करून घ्यायची असेल तर काय करावे?

रानवाट
काका, नुसती पाने नेऊ नका. फुलोऱ्यासह हातभर फांदी सकाळी दव वाळल्यावर कापा आणि वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवा. दोन-तीन पाने उलटी ठेवा, म्हणजे खालचा पांढुरका रंग तपासणाऱ्याला दिसेल. कागद रोज बदला, नाहीतर पावसाळी हवेत बुरशी धरते. चिठ्ठीवर गाव, तारीख, झुडपाची उंची आणि फुलांचा ताजेपणीचा रंग लिहा, कारण वाळल्यावर तो उडतो. बेळगावच्या राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्थेत वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागामार्फत तेथे विचारणा करता येईल. फुलोरा नसेल, तर येईपर्यंत थांबा.